दहापैकी दहा हरलेली टीम, आणि मंगळवारची मोजदाद

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते. तुमचा भाचा ओहायोतल्या एका छोट्या प्रायव्हेट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, अमेरिकन फुटबॉल खेळतो, लेफ्ट गार्ड, म्हणजे पुढची भिंत धरणाऱ्या लाईनमधला. या सिझनला दहापैकी दहा मॅच हरले, त्यातली एक ६३-०. स्कॉलरशिप नाही, घोटा ऑक्टोबरपासून दुखतोय आणि तरी पोरगा म्हणतो पुढच्या वर्षी पण खेळणार. दाजी चिडलेत, कोच नालायक आहे म्हणतात. तुम्ही मामा म्हणून मध्ये सापडलाय, नाशकात बसून तुम्हाला कळत नाहीये की एवढं हरतात तर कॉलेज टीम बंद का करत नाही आणि पोरं तरी का खेळतात.

मी मूळची इस्लामपूरची, फिजिओ पुण्यात केलं, मास्टर्स इथे अमेरिकेत, आणि गेली १६ वर्षं मिडवेस्टमधल्या (ओहायो, मिनेसोटा वगैरे राज्यांचा पट्टा) छोट्या कॉलेजांत अॅथलेटिक ट्रेनर आहे. म्हणजे जिममध्ये "अजून दोन मारा" म्हणणारी नाही, पोरांचे घोटे बांधणारी, डोक्याला मार बसला की मॅचमधून बाहेर काढणारी (आईला हे अजून नीट समजलेलं नाही, ती शेजारणींना "पोरगी तिकडं फुटबॉल शिकवते" सांगते). या १६ वर्षांत ०-१० (एकही जिंकली नाही, दहा हरल्या) असा सिझन मी दोनदा बघितलाय आणि १-९ एकदा, त्यामुळे या विषयात माझा अनुभव दांडगा आहे, काय करणार.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण दाजींचा राग कोचवर आहे. छोट्या कॉलेजची टीम हरते ती बहुतेक वेळा डावपेचांमुळे किंवा पोरांत दम नाही म्हणून नाही, डोकी कमी पडतात म्हणून हरते. किती पोरं अंगात पॅड घालून उभी राहू शकतात, एवढाच हिशोब. मी दर मंगळवारी प्रॅक्टिसला साईडलाईनवर उभी राहून हेल्मेटं मोजते, सवयच लागलीय, आणि सप्टेंबर संपता संपता त्या आकड्यावरून मला सिझन कसा जाणार ते साधारण कळतं, शनिवारी समोर कोण आहे हे बघायचीही फार गरज पडत नाही.

आता हा हिशोब नीट समजावून सांगते. तुमचा भाचा जिथे खेळतो तो एनसीएएचा, म्हणजे इथल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेचा, डिव्हिजन थ्री. टीव्हीवर ओहायो स्टेट, मिशिगन वगैरे लाखभर लोकांसमोर खेळतात तो डिव्हिजन वन, त्याचा आणि याचा खेळ एक पण दुनिया वेगळी. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायलाच बंदी आहे, अभ्यासाची किंवा घरच्या परिस्थितीवरून फी-माफी मिळते तेवढीच. अशी फुटबॉल खेळणारी साधारण २४० कॉलेजं आहेत. आणि तुम्ही विचारलंत बंद का करत नाहीत, तर उलट बघा, गेल्या वीसेक वर्षांत कित्येक छोट्या कॉलेजांनी फुटबॉल नव्याने चालू केलंय. कारण सरळ आहे, या कॉलेजांचा गाडा फीवर चालतो, मुलींच्या मानाने मुलगे कमी येतात, आणि फुटबॉलची टीम काढली की एका झटक्यात साठ-सत्तर-शंभर मुलगे अॅडमिशन घेतात जे एरवी तिकडे फिरकलेही नसते. टीम हरली म्हणून त्यांची फी परत जात नाही. म्हणून कोचला वरून जो आकडा विचारला जातो तो बऱ्याचदा किती जिंकलात हा नसतोच, १ मे पर्यंत अॅडमिशनचं डिपॉझिट किती पोरांचं आलं हा असतो. दाजींना हे सांगा, अर्ध्या गोष्टी तिथेच उलगडतील.

आमच्याकडे त्या पहिल्या ०-१० च्या वर्षी ऑगस्टमध्ये ६८ पोरं आली. ऐकायला भरपूर वाटतं. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये ११ जण ऑफेन्सचे (चढाईचे) वेगळे, ११ डिफेन्सचे (बचावाचे) वेगळे, वर किक मारताना-झेलताना स्पेशल टीम्स, आणि प्रत्येक जागेवर एक बदली तरी हवा, म्हणजे ४४ तर पहिल्याच फटक्यात लागले. ६८ मधली निम्मी पहिल्या वर्षाची. त्यातली नऊ पोरं तिसऱ्या आठवड्यापर्यंत सोडून गेली, कुणाला केमिस्ट्री झेपेना, कुणाची गर्लफ्रेंड घरी राहिलेली, कुणाला हायस्कूलमध्ये आपण हिरो होतो आणि इथे बेंचवर बसायला लागतं हे सहन होईना. राहिली ५९. मग दुखापती. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग, खांद्याचा एसी जॉइंट, एकाचं गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट गेलं, दोघांना कन्कशन, म्हणजे डोक्याला मार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी मोजली तर ४१ हेल्मेटं. समोरच्या टीमकडे १३०.

त्यातही सगळ्यात आधी तुटते ती लाईन. तुमचा भाचा जिथे खेळतो तीच जागा, म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑफेन्सिव्ह लाईनला पाच जण लागतात, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत धरणारे. सव्वाशे-दीडशे किलोची, तरी पायांत चपळ आणि वर अभ्यासातही बरी, अशी पोरं मुळातच कमी, आणि जी असतात ती स्कॉलरशिप देणारी कॉलेजं उचलून नेतात. आमच्याकडे अशी सात होती, त्यातली दोन बाहेर. मग पाचच्या पाच पोरं पूर्ण मॅच खेळणार, वर फील्ड गोलच्या (खांबांमधून किक मारून गुण घ्यायच्या) लाईनला तीच, आणि एक तर गोल लाईनवर डिफेन्सलाही. भिंत थकली की क्वार्टरबॅकला दोन सेकंदही मिळत नाहीत, तीन प्रयत्न वाया जातात, चौथ्याला पंट, म्हणजे लांब किक, मारून चेंडू परत समोरच्याकडे. हे सगळं दीड-दोन मिनिटांत आटोपतं. आपला डिफेन्स आत्ता कुठे बाकावर टेकलाय, हेल्मेट काढून पाण्याची बाटली तोंडाला लावलीय, तोवर "डिफेन्स!" म्हणून परत बोलावणं. डिफेन्सनी एका मॅचमध्ये साठ-पासष्ट प्ले खेळावेत तिथे आमची पोरं नव्वद खेळायची, आणि प्रत्येक प्ले म्हणजे पाच-सहा सेकंदांची सरळ टक्कर. म्हणून अशा टीमचा स्कोअर बघितलात तर हाफ टाईमला १४-० असतो, आई-बाप स्टँडमध्ये "आज चान्स आहे" म्हणत असतात, आणि शेवटी ४९-० होतो. तो तिसरा क्वार्टर मला साईडलाईनवर आवाजावरून कळतो, पहिल्या हाफमध्ये टक्कर झाली की पॅडचा खणखणीत आवाज येतो, तिसऱ्यात तो बोदा होतो, कारण पोरं धडक मारत नसतात, नुसती अंगावर झेलत असतात.

आणि थकलेल्या अंगाला दुखापत आधी होते, मग पुढच्या मंगळवारी हेल्मेट अजून एक कमी. प्रॅक्टिसमध्ये समोरच्या टीमची नक्कल करायला स्काऊट टीम लागते, तीच उरत नाही, म्हणजे शनिवारी काय येणार आहे हे आपल्या पोरांनी पूर्ण वेगात कधी बघितलेलंच नसतं. हरलात की पुढच्या वर्षी येणारी पोरं बिचकतात, रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, अजून लहान. घसरगुंडी आहे नुसती.

६३-० बद्दल. समोरचा कोच निर्दय होता असं लगेच समजू नका. तिसऱ्या क्वार्टरपासून त्यानी बहुतेक तिसरी फळी उतरवलेली असते, पण त्या पोरांनाही वर्षभर वाट बघून आज मैदान मिळालेलं असतं, ती काय उभी राहणार आहेत होय. दोन्ही हेड कोच आणि रेफ्री यांच्या संमतीने क्वार्टर छोटे करायची सोय नियमात आहे, आम्ही एकदा ती घेतलीय. कोचनी मान खाली घालून हो म्हटलं आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. याच्याहून भयंकर स्कोअर मोठमोठ्यांच्या नावावर आहेत, १९१६ साली जॉर्जिया टेकनी कम्बरलँड कॉलेजला २२२-० हरवलं होतं, आणि कम्बरलँडनी त्या वर्षी मुळात टीम बंदच केलेली होती, कशीबशी पोरं गोळा करून ट्रेननी अटलांटाला गेले होते. डोकी नसली की काय होतं त्याचं हे टोक. अलीकडचं बघायचं तर मिनेसोटात सेंट थॉमसनी सेंट ओलाफला २०१७ मध्ये ९७-० मारलं, आणि पुढे २०१९ मध्ये बाकीच्या कॉलेजांनी मिळून सेंट थॉमसला कॉन्फरन्समधूनच (आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातून) बाहेरचा रस्ता दाखवला, तुम्ही फार मोठे झालात म्हणून. ते आता डिव्हिजन वनमध्ये खेळतात.

कोचचा दोष कधीच नसतो असंही नाही हां. काही कोच हरल्यावर घाबरतात आणि मंगळवारी पूर्ण टॅकलची (एकमेकांना धरून खाली पाडायची) प्रॅक्टिस लावतात, "कणखर" बनवायला. ४१ पोरं आहेत आणि तू त्यांना एकमेकांवर आदळवतोस? माझं यावरून एका कोचशी चांगलंच वाजलं होतं. तो मला म्हणाला तुला फुटबॉल काय कळतं, मी म्हटलं फुटबॉल नाही, वजाबाकी कळते. मिनेसोटाच्याच सेंट जॉन्स कॉलेजचे कोच जॉन गॅग्लियार्डी, कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वात जास्त ४८९ विजय त्यांच्या नावावर आहेत, ते प्रॅक्टिसमध्ये टॅकलच करू द्यायचे नाहीत, शिट्टी नाही, "कोच" म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. अर्थात त्यांच्याकडे दीडशेच्या वर पोरं असायची, तो भाग वेगळा. पण शहाणपण असं की ज्याच्याकडे भरपूर होती तो जपायचा आणि ज्याच्याकडे नाहीत ते उधळतात.

लागोपाठ हरण्याचं म्हणाल तर तुमच्या भाच्याच्या दहा मॅच म्हणजे काहीच नाही. टेक्सासचं प्रेअरी व्ह्यू १९८९ ते १९९८ लागोपाठ ८० हरलं. त्यांचाही हिशोब हाच, पैशांच्या भानगडीत १९९० चा सिझन बंद ठेवला आणि परत सुरू केलं ते स्कॉलरशिपशिवाय, स्कॉलरशिप देणाऱ्या टीम्सच्या पुढ्यात. न्यूयॉर्कचं कोलंबिया, नामांकित जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमधलं, ४४ हरलं. सेंट पॉलचं मॅकॅलेस्टर, जिथे कोफी अन्नान शिकले, १९७४ पासून ५० हरलं आणि १९८० च्या सप्टेंबरात ११ सेकंद राहिलेले असताना फील्ड गोल मारून १७-१४ जिंकलं. पुढे त्यांनी एक फार व्यवहारी गोष्ट केली, २००१ नंतर फुटबॉलपुरती आपली जबरदस्त कॉन्फरन्स सोडली, आपल्या मापाच्या टीम्सशी खेळायला लागले आणि २०१४ मध्ये मिडवेस्ट कॉन्फरन्स चक्क जिंकले. मला विचाराल तर हरणाऱ्या टीमवर सगळ्यात मोठा उपाय हाच आहे, शेड्यूल बदला. पण माजी विद्यार्थ्यांना जुन्या वैऱ्यांशीच खेळायचं असतं, आणि डोनेशन तेच देतात.

सगळ्यांचा शेवट असा गोड होत नाही. इंडियानाचं अर्लहॅम, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं कॉलेज, ५३ हरून मॅकॅलेस्टरचा डिव्हिजन थ्रीचा विक्रम मोडला आणि २०१८ नंतर टीम स्थगित केली. पेनसिल्व्हेनियाच्या स्वार्थमोरनी २००० मध्ये बंद केली, आणि गंमत म्हणजे त्या वर्षी ते जरा बरे खेळले होते. कारण हरण्याचं नव्हतं, एवढ्याशा कॉलेजात इतक्या सीटा खेळाडूंसाठी अडवायच्या का हा वाद होता. आणि आयोवाच्या ग्रिनेलमध्ये २०१९ साली तीन मॅचनंतर खुद्द पोरांनीच सांगितलं की बास, जेमतेम २८ जण धड उरलेत, उरलेल्या मॅच खेळणार नाही. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या ट्रेनिंग रूममध्ये एकदम शांतता होती. आमच्या पोरांना ते पळपुटे वाटले नाहीत. एक जण एवढंच म्हणाला, "आपण अजून ४४ आहोत ना?" आणि माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. खरे ४२ होते.

आता पोरं का खेळतात. याचं उत्तर मी तुम्हाला शनिवारी सकाळी आठ वाजता टेपिंग टेबलवर बसून देऊ शकले असते तर बरं झालं असतं. ०-७ असताना पोरं रांग लावून येतात, मी आधी घोट्यावर पातळ फोमची पट्टी गुंडाळते, मग पांढरी टेप, दोन अँकर, तीन स्टरप, टाचेला दोन्ही बाजूंनी लॉक, एका घोट्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि त्या दोन मिनिटांत पोरगं काहीतरी बोलतं. हरण्याविषयी कुणी बोलत नाही हो. रूममेट घोरतो, अकाउंट्सच्या पेपरात काय आलं, आजी आज मॅच बघायला येणारे, आठ तास गाडीतून. आमचा एक सेंटर (लाईनच्या मधोमध खेळणारा) होता, शेवटच्या वर्षाचा, चार वर्षांत मिळून तीन मॅच जिंकलेला. त्याला मी एकदा वैतागून विचारलं की बाबा रे का करतोस, तर म्हणाला सोमवार ते शुक्रवारसाठी. मला तेव्हा ते फालतू वाटलं होतं. पण तुमच्या गावातली कबड्डीची टीम आठवा तुम्ही, तालुक्यात कधी पहिली फेरी पार केली नाही तरी संध्याकाळी मैदानावर लाल माती उडायचीच ना. घरापासून लांब आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला पहिल्याच आठवड्यात साठ मित्र तयार मिळतात, ही काय साधी गोष्ट नाही.

पण याच्यातच एक वाईट गोष्ट आहे आणि ती मामा म्हणून तुम्हाला माहीत हवी. बदली नाही हे माहीत असलं की पोरं दुखणं लपवतात. "मी बाहेर गेलो तर माझ्या जागी पहिल्या वर्षाचा पोरगा येणार, क्वार्टरबॅक मरेल." मागे एकाला टक्कर बसल्यावर तो उठून समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. बाहेर बोलावून विचारलं तर म्हणतो आय एम गुड. आम्ही अशा वेळी पहिलं काम करतो ते म्हणजे हेल्मेट काढून घेतो, मी ते बर्फाच्या कुलरमागे लपवते, कारण नुसतं "बस" म्हटलं तर पोरगं दोन प्लेनंतर परत मैदानात दिसतं. मेडिकल निर्णय कोच फिरवू शकत नाही असा नियम आहे, पण कोचनी फिरवायची गरजच पडत नाही, पोरगं स्वतःच खोटं बोलतं. त्या पोराला मी तीन आठवडे बसवलं. त्याची आई रागावली, बाप रागावला, दहा दिवस तो पोरगा माझ्याशी बोलला नाही.

म्हणून भाच्याला "सोड" किंवा "खेळ" सांगण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा, पोलिसासारख्या नको, गप्पांत. जानेवारीत वेट रूमला किती पोरं येतायत, पन्नासच्या वर असतील तर टीममध्ये जीव आहे. लाईनमध्ये तो धरून किती जण परत येतायत आणि नवीन किती येणार, आठच्या खाली असतील तर पुढच्या वर्षीही हेच चित्र आणि मार त्यालाच बसणार. मंगळवारी पूर्ण टॅकल असतं का. आणि फुटबॉलला पूर्णवेळ अॅथलेटिक ट्रेनर किती आहेत, की एकच बाई फुटबॉल, सॉकर, व्हॉलीबॉल सगळीकडे पळतेय. या चारांत दोन उत्तरं जरी वाईट आली तरी मी माझ्या भाच्याला दुसऱ्या कॉलेजच्या टीमकडे बघ म्हणाले असते, किंवा एक वर्ष नुसता अभ्यास कर. स्कॉलरशिप नाही ना, मग याचा एक फायदाही आहे, खेळ सोडला म्हणून त्याची एक डॉलरचीही मदत जात नाही, तो मोकळा आहे.

आणि घोटा. दोन महिने दुखतोय म्हणजे साधी मुरगळ नव्हे, असं धरून चला. लाईनमनला मागून कुणीतरी पायावर पडतं, पाऊल बाहेरच्या बाजूला पिळलं जातं आणि नडगीच्या दोन हाडांना घोट्याच्या वर बांधून ठेवणारे लिगामेंट ताणले जातात, त्याला आम्ही हाय अँकल म्हणतो, ते साध्या मुरगळीच्या दुप्पट वेळ खातं आणि वरून टेप लावून खेळलं तर अजून. त्याला विचारा की दुखतं ते घोट्याच्या गाठीखाली की वर, नडगीच्या बाजूला. वर असेल, किंवा नडगी मधोमध दोन्ही हातांनी दाबली की खाली कळ येत असेल, तर सुट्टीत घरी गेल्यावर ऑर्थोपेडिककडे उभं राहून, पायावर वजन देऊन काढलेला एक्स-रे करायला सांगा, झोपून काढलेल्यात फट दिसत नाही कधीकधी. आणि एका पायावर उभं राहून टाचा उचलायला लावा, चांगल्या पायावर पंचवीस होत असतील आणि दुखऱ्यावर बारालाच थांबला तर मार्चच्या प्रॅक्टिसचं नावसुद्धा काढू नको म्हणावं. आकडा कळवा मला, मग पुढचं सांगते.